दोन घरांचं एक अक्षर

चीन आणि जपान ही एकाच देशाची दोन नावं आहेत, असं आमच्या गल्लीचं ठाम मत होतं. चिकपेटच्या मागची ती गल्ली, रेशमाच्या दलालांची आणि जरीवाल्यांची. सुरत कुठे, बनारस कुठे हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, कारण तिथे माल जायचा. जिथे माल जात नाही तो मुलूख लोकांच्या लेखी नव्हताच. माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, सरकारी रेशीम खात्यातर्फे कोषातून सूत काढायचं नवं तंत्र शिकायला जपानला गेला आणि परतला तो बायको घेऊन. गल्लीने एका दिवसात निकाल लावला, की मराठ्यांच्या पोराने चीनची बायको आणली. मी भांडून भांडून थकले. दोन्ही देशांच्या मध्ये समुद्र आहे असं सांगितलं की बायका म्हणायच्या, "असेल बाई, पण डोळे बघ की तिचे."

खरं तर परकं म्हणायला आम्ही तरी कुठले? तीनशे वर्षं कर्नाटकात काढून आम्ही स्वतः अर्धे कानडी झालो होतो. आमच्या घरात थोड्याला 'स्वल्प' म्हणत आणि ठीक आहेला 'सरी'. पुण्याचा पाहुणा आला की आमचं मराठी ऐकून मिशीत हसायचा. तरीही समुद्रापलीकडची सून आईला झेपेना. तिने आधी पोटभर रडून घेतलं, मग सुनेच्या कपाळाला कुंकू लावलं आणि तिला आत घेतलं. आई तशीच होती. जे करायचं ते रडून करायची, पण करायची.

वहिनी माझ्याच वयाची. माझं सासर दोन गल्ल्या पलीकडे, नवरा तारखात्यात, लग्नाला बरीच वर्षं होऊन घरात पाळणा हललेला नव्हता. त्यामुळे माझ्या दुपारी माहेरीच जायच्या. वहिनीला मराठी येईना आणि मला जपानी. आईने तिला या, बसा, जेवा, पुरे, नको असे कामापुरते शब्द शिकवले. मला वन्सं म्हणायचं हेही शिकवलं. वहिनी त्याला तिच्याकडचं आदराचं शेपूट लावून 'वन्सं-सान' म्हणायची आणि गल्लीतली पोरं तिची नक्कल करायची. घरात कोणीही आलं की ती त्याच्या चपला उचलून बाहेरच्या बाजूला तोंड करून नीट लावून ठेवायची. आईला ते अपशकुनासारखं वाटायचं, की पाहुण्याला आल्या आल्या जा म्हणतेय. मला मात्र आवडायचं.

आईचे दात गेले तेव्हाची गोष्ट. कवळी बसवायला आम्ही दंडूला जात असू. गावातली जुनी माणसं कॅन्टोन्मेंटला दंडूच म्हणतात. तिथे एका चिनी दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. आत डॉक्टर, बाहेर त्यांची बायको साच्याचं प्लास्टर कालवत बसलेली. तमिळ, हिंदुस्थानी आणि कानडी यांची खिचडी करून ती बोलायची. आम्ही तिला दातवाली अक्का म्हणायचो. एकदा आईबरोबर आम्ही दोघी गेलो. भिंतीवर काळ्या शाईने अक्षरं काढलेला लांब कागद टांगलेला होता. वहिनी त्याच्यासमोर उभी राहिली आणि ओठांत पुटपुटू लागली. अक्काने मान वर केली. तिने चिनीत काहीतरी विचारलं, वहिनीने जपानीत काहीतरी उत्तर दिलं, आणि दोघींच्या चेहऱ्यांवरून स्पष्ट दिसलं की एकीचा दुसरीला एक शब्दही कळलेला नाही. मग अक्काने बोट एप्रनला पुसलं, वहिनीचा हात ओढून घेतला, आणि तिच्या तळहातावर बोटाने लिहिलं. वहिनी तोंड उघडून हसली. आमच्या घरी आल्यापासून तशी हसताना मी तिला पाहिली नव्हती. तिनेही अक्काच्या हातावर लिहिलं. आईची कवळी मापून होईपर्यंत त्या दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या.

अक्काने मला समजावलं ते असं. बोली दोन, पण अक्षरं एकाच घरातली. जपानी लोकांनी ती फार पूर्वी चीनमधून नेली आणि आपल्या घरी आपल्या पद्धतीने वापरली. उच्चार बदलला तरी डोळ्यांना अर्थ कळतो. बहुतेक वेळा, असं ती पुढे म्हणाली. डॉक्टर स्वतः मात्र वहिनीशी कधी बोलले नाहीत. त्यांच्या गावात लढाईच्या काळात जपानी फौज शिरली होती, एवढंच त्यांनी अण्णाला सांगितलं. अक्काही त्याच गावची होती. तिने त्याबद्दल काय गिळलं असेल ते तिचं तिला माहीत, पण आईच्या कवळीचं काम संपल्यावरही आम्ही जात राहिलो आणि ती दर वेळी आधी वहिनीचा हात मागायची.

'बहुतेक वेळा'ची गंमत पुढे कळली. वहिनीला पडसं झालं होतं. काय देऊ म्हणून अक्काने लिहून विचारलं आणि वहिनीने एक अक्षर काढलं. डावीकडे पाण्याचे थेंब, उजवीकडे काहीतरी उन्हाशी संबंधित. अक्का आत गेली आणि आलं घातलेलं कोंबडीचं सूप घेऊन आली. वहिनीने मुकाट्याने प्यायलं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच अक्षर, पुन्हा सूप. मी वहिनीला खुणेने विचारलं तेव्हा उलगडा झाला, की तिला नुसतं गरम पाणी हवं होतं. चीनमध्ये त्या अक्षराचा अर्थ सूप, जपानमध्ये गरम पाणी. दोघी हसून हसून बेजार झाल्या. त्यानंतर अक्का दोन्ही आणायची.

वहिनीला दिवस गेले तेव्हा अक्काने विचारलं, काय हवं? वहिनीने लिहिलं. अक्काचे डोळे भरून आले आणि तिने वहिनीला जवळ घेऊन थोपटायला सुरुवात केली. वहिनी गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मग तिने जमिनीपासून हातभर उंचीवर हात धरून दाखवला आणि वेणी घातल्याची खूण केली. तिला मुलगी हवी होती. अक्काला वाटलं तिला आईची आठवण येतेय, कारण ते अक्षर जपानमध्ये लेक आणि चीनमध्ये आई. मला ते काही केल्या पटेना. एका घरात लेक आणि भिंतीपलीकडे आई, हे कसलं अक्षर? घरी येऊन आईला सांगितलं तर तिला काहीच नवल वाटलं नाही. आजची लेक ती उद्याची आई, त्यात चुकलं काय, म्हणाली.

मीही पाचदहा अक्षरं शिकले. डोंगर, पाणी, माणूस, भात. त्यापुढे माझी मजल गेली नाही. आमच्याच आजोबांचे मोडीतले कागद मला वाचता येत नव्हते, तिथे चिनी काय येणार. मला ते दोघींनी हात धरून बसणं बघायलाच आवडायचं.

वहिनीला सातवा लागला आणि अण्णाची नेमणूक काश्मीरच्या रेशीम कारखान्यात झाली, काही महिन्यांसाठी. बाळंतपणाआधी येतो म्हणाला. तो गेला आणि चीनशी लढाई सुरू झाली.

त्या दिवसांत बेंगळूरला काय झालं होतं हे आता सांगून कोणाला पटणार नाही. रेडिओपाशी गर्दी, बायका अंगावरचे दागिने देशासाठी देत होत्या, शाळांमधून जवानांसाठी स्वेटर विणले जात होते. वहिनीनेही लोकर आणून विणायला घेतलं. गल्लीतल्या एका बाईने ते बघून आईला विचारलं, शत्रूची बाई आपल्या पोरांसाठी विणते, त्यात काही करणी तर नाही ना? आईने तिला दारातूनच वाटेला लावली, पण रात्रीतून तिचाही जीव दडपला. दंडूला जाणं तिने बंद केलं. तिकडे डॉक्टरांच्या पाटीवरच्या 'चायनीज' या शब्दावर रंग फासलेला मी बसमधून पाहिला. पोलिसांच्या परवानगीशिवाय हद्द सोडायची नाही, असं त्यांना बजावलेलं होतं. वहिनी अधूनमधून माझ्याकडे बघून आपल्या तळहातावर बोट फिरवायची आणि दंडूच्या दिशेला मान करायची. मी 'नंतर' म्हणायचे. नंतर हा शब्द तिला समजत होता.

बाळंतपण घरीच झालं. नर्सबाई आल्या होत्या, फार वेळ लागला, आणि मूल मेलेलं आलं. मुलगी होती. वहिनीला दाखवलीही नाही. तेव्हा दाखवत नसत, आईच्या जिवाला लागतं म्हणून. जणू न दाखवल्याने लागायचं राहतं!

त्यानंतर वहिनीचा आवाज गेला. मराठी तर गेलंच, पण जपानीतही तिने एक शब्द काढला नाही. मागच्या अंधाऱ्या खोलीत तिला निजवलं होतं. सोयरसुतकाचे दहा दिवस बाळंतिणीला घरच्यांनी शिवायचं नाही, हे आमच्याकडे पूर्वीपासून. तिची आंघोळ, तेल, अंग रगडणं सगळं सुईण करायची. त्यामुळे कोणाचं अडत नसे. पण सुईणीने दुसऱ्याच दिवशी निरोप धाडला, की तिचा भाचा लष्करात आहे आणि ती चीनच्या बाईला हात लावणार नाही. दुसरी शोधली, ती आली नाही. तिसरी दारापर्यंत आली आणि वहिनीचं तोंड बघून परत गेली. आई गरम पाण्याची बादली आणि लुगडं उंबऱ्याच्या आत सरकवायची. ताटही तसंच सरकवायची. ताट जसंच्या तसं परत यायचं.

दहा दिवस संपले की सगळं सुरळीत होईल असं मी धरून चालले होते. तर शास्त्रीबुवांनी पंचांग बघून सांगितलं, मूल मृत, नक्षत्र वाईट, शांती झाल्याशिवाय बाळंतिणीला शिवू नये. शांतीचा मुहूर्त पुढे होता. मी आईशी कडाकडा भांडले. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "तुझी कूस अजून उजवायची आहे. मला शिव्या दे, पण तो उंबरा ओलांडू नकोस."

आई दुष्ट असती तर बरं झालं असतं. ती माझ्यासाठी घाबरली होती, आणि खरं सांगायचं तर मीही घाबरले होते. मूल व्हावं म्हणून मी किती देवळांचे उंबरे झिजवले होते ते माझं मला ठाऊक. मी खोलीच्या दाराशी बसून राहायचे आणि आत बघून बोलत राहायचे. काय वाटेल ते बोलायचे. ती छताकडे बघायची.

गल्लीतले आमचे नेहमीचे डॉक्टर येऊन गेले. अंगात बारीक ताप होता, त्याचं इंजेक्शन दिलं. म्हणाले, तापाने काही होणार नाही, पण या खात नाहीत, बोलत नाहीत, हे चांगलं नाही. यांना काय हवंय ते विचारा. नाडी बघून झाली तरी ती त्यांची बोटं सोडत नव्हती. त्यांनी हळूच सोडवून घेतली आणि वातात आहेत असं आईला सांगितलं. काय हवंय ते विचारा! कोणी विचारायचं आणि कोणत्या भाषेत? अण्णाला तार केली होती. तो निघाला होता, पण लष्कराच्या गाड्यांपायी कुठल्या स्टेशनावर अडकून पडला होता देव जाणे.

एका सकाळी मला दिसलं की वहिनी कुशीवर वळली आहे आणि शहाबादी फरशीवर बोटाने काहीतरी काढते आहे. एकच अक्षर. पुसायला काही नव्हतंच, तरी ती तळव्याने फरशी पुसायची आणि पुन्हा तेच काढायची. वर एक छोटी तिरकी रेघ, तिच्याखाली दोन आडव्या, आणि सगळ्यांना छेदत खाली उतरून डावीकडे वळलेली एक उभी रेघ. मला येणाऱ्या अक्षरांपैकी ते नव्हतं. मी दारातून वाकून पाहिलं आणि माझ्या मांडीवर ते काढून बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. मी पुन्हा काढलं, तिने होय म्हणून मान हलवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने मला काही सांगितलं होतं.

मी आईला न सांगता उठले आणि बस पकडली. वाटेत मांडीवर तेच अक्षर गिरवत होते, विसरू नये म्हणून. शेजारची बाई मला वेड लागलंय असं समजून सरकून बसली. पण मला वेगळीच धास्ती लागली होती. अक्का मला सांगेल तो अर्थ तिच्या घरचा असेल. वहिनीच्या घरचा अर्थ वेगळा असला तर? पाणी म्हणून मागितलं आणि मी सूप घेऊन गेले तर? लेक मागितली आणि मी आई समजले तर? तेव्हा हसण्यावारी गेलं होतं. आता ते मरणजगण्याचं झालं होतं आणि साऱ्या बेंगळुरात विचारायला मला दुसरं माणूस नव्हतं. मी खिडकीच्या गजाला डोकं टेकून रडले. माझ्यासारखी भांडकुदळ बाई चारचौघांत रडली, यावरून काय ते समजा.

दवाखान्याची फळी अर्धी लावलेली होती. अक्काने मला आत ओढून घेतलं आणि दार लोटलं. ती वाळली होती. मी तिला घडलेलं सगळं सांगितलं. मूल गेलं हे ऐकल्यावर ती खाली बसली. मग मी तिचा हात घेतला आणि तिच्या तळहातावर ते अक्षर काढलं. माझ्या रेघांचा क्रम चुकला असावा, कारण तिने मला पुन्हा काढायला लावलं.

तिने माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि उचलून माझ्याच डोळ्यांसमोर धरला.

"कै," ती म्हणाली. कानडीत आणि तमिळमध्येही कै म्हणजे हात.

मी विचारलं, नक्की? जपानमध्येही तेच? त्या सूपासारखं दुसरं काही निघत नाही ना? ती म्हणाली, यात दोन घरं नाहीत. हाताला सगळीकडे हातच म्हणतात. मग तिने मला विचारलं, "तिचा हात कोणी धरला नाही?"

मी सोयर सांगायला लागले, शांती सांगायला लागले, सुईणीच्या भाच्याचं सांगायला लागले. ती ऐकत होती आणि माझा हात तिने सोडला नव्हता. तिला यायचं होतं. तिने पायात चपलाही सरकवल्या, पण आतून डॉक्टर बाहेर आले आणि दाराशी उभे राहिले. ते रागावले नव्हते. त्यांनी फक्त रस्त्याच्या कोपऱ्यावर उभ्या असलेल्या शिपायाकडे बोट केलं. अक्काने चपला काढल्या आणि मला म्हणाली, जा, पळ, तूच धर.

बसची वाट बघवेना म्हणून मी जटका केला. टांगेवाल्याला घोडा दामटायला सांगितलं. मी मनाशी पक्कं ठरवलं होतं. उंबरा ओलांडायचा, आई आडवी आली तर तिला बाजूला सारायचं, आणि वहिनीशेजारी फरशीवर बसायचं. कूस उजवली नाही तर नाही. देवाला माझं काय वाकडं करायचं असेल ते त्याने खुशाल करावं. इतकं स्पष्ट मला आयुष्यात काही दिसलं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी जटका अडला, कारण आमच्या दारात माणसं उभी होती. उंबऱ्याबाहेर चपला कशाही पडल्या होत्या.

तिला मधल्या चौकात आणून ठेवलं होतं. मी गेल्यावर तासाभरात गेली म्हणाले, कोणाला कळलंही नाही, आई ताट सरकवायला गेली तेव्हा समजलं. गल्लीतल्या वडीलधाऱ्या काकूंनी हिशेब करून सांगितलं होतं, की दहा दिवस उलटले आहेत, तेव्हा हे बाळंतपणातलं मरण धरायचं नाही, आता शांतीचीही गरज उरली नाही. सवाष्ण गेली आहे, तिचा मान झाला पाहिजे. त्या मानात कशाची कसर राहिली नाही. न आलेली सुईण आली आणि तिने वहिनीला न्हाऊ घातलं. तोंड बघून परत गेलेली तिसरीही आली, तिने केस विंचरले. कासारीण हिरवा चुडा घेऊन आली. वहिनीचा हात मऊ, लहान. एकीने मनगट धरलं, दुसरीने बोटं एकत्र केली, कासारणीने एकेक बांगडी जपून चढवली. मग हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका रांगेने येऊ लागल्या. स्वेटरवरून विचारणारीही होती. येईल ती बाई खाली बसायची, वहिनीचा हात आपल्या हातात घ्यायची, हळद लावायची, रडायची आणि पुढच्या बाईला जागा द्यायची.

मी खांबाला धरून उभी होते. अक्षराचा अर्थ सांगायला आले होते, पण सांगणार कोणाला? आई वहिनीच्या उशाशी बसून होती. रडून तिचे डोळे सुजले होते. तिने मला बघितलं, सरकून मला जागा केली आणि वहिनीचा हात उचलून माझ्यापुढे केला.

"धर," ती म्हणाली. "आता शिवायला हरकत नाही."